'खासगी' म्हणजे कोणाची?



बेंगळुरूत 'खासगी शाळा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम शुल्काचा आकडा येतो, मागोमाग पिवळ्या बसगाड्या. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मराठी शाळेलाही हाच शब्द लागतो आणि ती विनाकारण संशयाच्या रांगेत उभी राहते.

मराठेशाहीत 'खासगी' म्हणजे दौलतीच्या जमाखर्चापासून वेगळे ठेवलेले घराण्याचे उत्पन्न. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, मंदिरे आणि धर्मशाळा बांधल्या, त्या अशा खासगीतून. पैसा खासगी, पायऱ्या मात्र सर्वांच्या. 1 जानेवारी 1880 रोजी चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेही याच जातीचे: सरकारचे नव्हे आणि कोणा मालकाचेही नव्हे. 1884 साली त्यातूनच डेक्कन एज्युकेशन सोसायटी जन्मली. (इंग्लंडात ईटनसारख्या महागड्या खासगी शाळेला 'पब्लिक स्कूल' म्हणतात. ती पाटी आता बेंगळुरूतही जागोजागी दिसते. शब्दांचा हा खेळ जुनाच आहे.)

कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. महाराष्ट्राच्या 1977 च्या अधिनियमानुसार सरकार वा स्थानिक प्राधिकरणाखेरीज अन्य व्यवस्थापनाची मान्यताप्राप्त शाळा खासगीच. तिला अनुदान असो वा नसो. कर्नाटकातही अनुदानित शाळेचे व्यवस्थापन खासगीच असते.

या राज्यात मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा. संविधानाच्या 30 व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना आपली शाळा काढून चालविण्याचा अधिकार दिला आहे. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेची वा कन्नडची सक्ती करणारे कर्नाटकाचे 1994 चे धोरण सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2014 रोजी अमान्य केले. माध्यमाची निवड पालकांची ठरली. त्या निवडीच्या बळावर मराठी शाळा टिकते आणि त्याच निवडीने तिची मुले शेजारच्या इंग्रजी शाळेत जातात. येथे तक्रारीला जागा नाही, चिंतेला आहे.

प्रवेशाच्या वेळी पालकांनी शुल्क विचारावेच. पण वर्षअखेरीची शिल्लक कोठे जाते, कार्यकारिणी कोण निवडते, हेही विचारावे. सभासदांच्या संस्थेत ही उत्तरे वार्षिक सर्वसाधारण सभेत मिळतात. त्या सभेला खुर्च्या रिकाम्या असतात, आणि आज या सभागृहात उभे राहायलाही जागा नाही.