रिकामं दावं

माय-बापहो, आज एका रिकाम्या दाव्याची गोष्ट सांगतो.

गेल्या आषाढात कीर्तन आटोपलं आणि एक तरुण पाया पडायला आला. शहरातली नोकरी सोडून गावी आलेला. दोन एकर रान आणि पाच शेळ्या, एवढाच प्रपंच. पहिला पाऊस झाला, कोवळं गवत वर आलं, त्यानं हौसेनं शेळ्या-करडं त्यात सोडली. संध्याकाळी सगळ्यात गुबगुबीत करडू पाय झाडायला लागलं आणि उजाडायच्या आत गेलं. मला म्हणाला, "महाराज, दावं अजून खुंट्याला तसंच आहे, सोडवत नाही. बाकीच्या विकून टाकू का?"

खरं सांगू? "बाबा, देवाची इच्छा!" हे माझ्या ओठावर आलं होतं. पण गप्प बसलो. कारण हे वाक्य मी एकदा खोटं वापरलेलं आहे.

पंचविशीत होतो. कीर्तनाला जायची घाई. बैलापुढे ओला लसूणघास भारेच्या भारे टाकला आणि निघालो. रात्री त्याचं पोट फुगलं. सकाळी परत आलो तर बैल आडवा. मी म्हणालो, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." वडील म्हणाले, "आयुष्य देवाचं, पण वैरण तुझ्या हातची होती." आणि खड्डा खणायला फावडं माझ्याच हातात दिलं.

त्या दिवशी फार राग आला. आज कळतं, ते फावडं म्हणजे प्रायश्चित्त होतं.

आता कुणी म्हणेल, जनावरासाठी एवढं काय रडायचं? त्यानं जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला जाऊन यावं. पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून माऊलींनी वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर तिथे गेला, असं परंपरा सांगते. भावंडांनी काय केलं? "मुकं जनावर" म्हणून पुढे नाही निघाली. थांबली, त्याला समाधी दिली. आजही लोक तिथे माथा टेकतात. आपल्याबरोबर चालला त्याच्यासाठी थांबायचं, हा आपला धर्म आहे.

पण थांबायचं म्हणजे बसून राहायचं नाही! त्या तरुणाला मी म्हणालो, "रड, पोटभर रड. मग जनावरांच्या डॉक्टरकडे जा." तो गेला. डॉक्टर म्हणाले, हा आंत्रविषार. कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की होतो, आणि धष्टपुष्ट करडूच आधी जातं. लस पावसाळ्याआधी टोचायची. पहिल्यांदा टोचली तर पंधरवड्यानं पुन्हा. आणि सकाळी थोडा सुका चारा घालून मगच रानात सोडायचं.

तेव्हा मंडळी, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. जे आपल्या हातात नव्हतं, ते विठ्ठलाच्या पायावर घाला. जे हातात होतं, ते त्याच्यावर ढकलू नका. सगळं करूनही एखादं जाईल. ज्याच्या गोठ्यात जन्म आहे, त्याच्या गोठ्यात मरणही आहे. त्या वेळी मात्र स्वतःला कोसू नका. खोल खड्डा करा, चुना-मीठ टाका, विहिरी-ओढ्यापासून लांब पुरा, हात जोडा.

त्या पोरानं शेळ्या विकल्या नाहीत. दावं सोडलं, धुतलं, उन्हात वाळवलं. या उन्हाळ्यात लस टोचली आणि मग तेच दावं नव्या करडाच्या गळ्यात बांधलं.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!