पुन्हा वर्गात



नाशिकच्या रजनीताई लिमये शिक्षिका होत्या. मुलगा गौतम बुद्धीच्या वाढीत मागे. दुसऱ्यांची मुले शिकवायची, पण आपल्या मुलाजोगा वर्ग नाही, याची टोचणी केवढी असेल! १९७७ साली त्यांनी 'प्रबोधिनी' शाळा काढली व अशा मुलांसाठी पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. या मुलांना बाराखडीआधी बटण लावणे, हात धुणे शिकवायचे, तेही शंभरदा, न रागावता.

आमच्या घरी पाहुणे आले की मी पुतण्याला आतल्या खोलीत बसवी. आज त्याची लाज वाटते. २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र खोलीची कडी आपल्यालाच काढावी लागेल.