मेंदूंतील एक भेग

भेग म्हटली कीं आपणांस टांच आठवते. पण मेंदूलाही दोन्ही बाजूंस एक खोल भेग असते. ही जखम नव्हे, नैसर्गिक घडणच. सतराव्या शतकांतील लायडनचे अध्यापक सिल्व्हियस यांचें नांव तिला मिळालें आहे.

बहुतेकांच्या डाव्या भेगेच्या कांठीं वाणीचें ठाणें असतें. १८६१ सालीं पॅरिसमध्यें ब्रोका यांनीं तपासलेला एक रोगी ‘टां’ एवढेंच बोले. समजे मात्र पुष्कळ. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागांत विकृति आढळली.

याच भेगेंतून एक मोठी रोहिणी जाते. डावीकडील ती तुंबली, कीं अकस्मात् वाचा बसते, उजवें अंग लुळें पडतें. घरचीं माणसें अंगारा लावीत बसतात. आणि गुठळी विरघळविणारें औषध तर साधारणतः साडेचार तासांच्या आंतच द्यावें लागतें. अशा रोग्याच्या उशाशीं जपून बोला. उत्तर देतां आलें नाहीं, तरी त्याला पुष्कळदां बरेंच समजत असतें.