बाळाची हालचाल आणि गावाचे कर्तव्य

(सेमाडोह, ता. चिखलदरा, जि. अमरावती येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नाही. माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. वैद्यकशास्त्राने सांगितलेले चार शब्द लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोचविणे, एवढेच माझे काम. पोटातील बाळाची हालचाल हा आजचा विषय पुरुषांच्या बैठकीत सहसा निघत नाही. परंतु ‘बाळ फिरत नाही’ असे एखाद्या सुनेने सांगितल्यावर तिला कोणी, कोणत्या वाहनाने आणि किती लवकर न्यावयाचे, हा प्रश्न साऱ्या गावाचा आहे.

गरोदरपणाच्या साधारण १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान मातेस हालचाल जाणवू लागते. पहिलटकरणीस ती बहुधा २० आठवड्यांनंतर कळते. वार गर्भाशयाच्या पुढल्या बाजूस असेल तर थोडी उशिराही कळते. मात्र २४ आठवडे होऊनही काहीच जाणवले नाही, तर तपासणी करून घ्यावी. पुढे सुमारे ३२ आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते आणि मग त्याच प्रमाणात राहते. बाळ मधूनमधून झोपते. ही झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते. ती ९० मिनिटांहून अधिक क्वचितच लांबते. म्हणून थोड्या वेळाच्या शांततेने घाबरण्याचे कारण नाही.

काही वेळा पोटात एकाच ठिकाणी, ठरावीक तालात बारीक हिसके जाणवतात. त्या बाळाच्या उचक्या होत. श्वासपटल आकसल्यामुळे त्या लागतात आणि काही मिनिटांत आपोआप थांबतात. बाळास प्राणवायू नाळेतून मिळत असल्याने त्याचा जीव गुदमरत नाही. श्वसनाच्या स्नायूंची ही पूर्वतयारी असावी, असे तज्ज्ञ मानतात. त्यावर अंगारा नको, औषधही नको. परंतु उचकी लागली म्हणजे सारे ठीक आहे, असेही समजू नये. हालचाल मोजताना उचक्या धरावयाच्या नसतात.

आता मुख्य गोष्ट. ‘दिवस भरत आले, जागा उरली नाही, म्हणून लेकरू आता फिरत नाही,’ असे अनेक घरांत वडीलधाऱ्या स्त्रिया आपुलकीने सांगतात. हा समज चुकीचा आहे. जागा कमी झाल्याने हालचालीची तऱ्हा बदलेल. लाथ मारण्याऐवजी बाळ वळेल, ढुशी देईल. पण हालचाल कमी होता कामा नये. वारेतून मिळणारे पोषण व प्राणवायू अपुरा पडू लागला, तर बाळ आपली शक्ती राखण्यासाठी हालचाल आवरते. बाहेरून ओळखता येण्याजोगी ही धोक्याची सूचना होय, आणि ती सर्वांआधी मातेलाच मिळते.

२८ आठवड्यांनंतर हालचाल कमी वाटल्यास तिने काम बाजूस ठेवून डाव्या कुशीवर पडावे व लक्ष द्यावे. दोन तासांत १० वेळा हालचाल जाणवली नाही, तर त्याच वेळी आरोग्य केंद्र गाठावे. सकाळची वाट पाहू नये. हालचाल पूर्ण थांबल्यासारखी वाटली, तर मोजत बसण्यातही वेळ दवडू नये. दहा ही संख्या सोयीसाठी आहे. आपल्या बाळाची नेहमीची रीत बदलली, हे मातेचे सांगणे अधिक मोलाचे. केंद्रात बाळाचे ठोके ऐकतात. ते मिनिटास साधारण ११० ते १६० असतात. ठोके ठीक असूनही हालचाल कमीच राहिली, तर पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जावे.

आपल्या मेळघाटात हे सांगणे सोपे, करणे कठीण. वाट जंगलाची, पावसाळ्यात नाल्यांना पूर, आणि सगळीकडे फोन लागत नाही. म्हणूनच पूर्वतयारी हवी. सातवा महिना लागलेल्या स्त्रियांची यादी पंचायतीने आशा सेविकेकडून दरमहा घ्यावी. १०८ ला फोन कोठून लागतो आणि वाहन न आल्यास गावातील कोणते वाहन न्यावयाचे, हे आधी ठरवावे. बाळंतपणापूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहता यावे यासाठी शासनाची ‘माहेरघर’ योजना आहे. दूरच्या पाड्यांतील स्त्रियांना तिची माहिती द्यावी. शिक्षकांनी हीच गोष्ट कोरकू भाषेत समजावून सांगितली, तर ती मनात उतरेल. दाई आणि भूमका यांच्यावर लोकांचा विश्वास आहे; त्यांनाही या कामी सोबत घ्यावे.

सुनेने रात्री-अपरात्री शंका बोलून दाखविली आणि तपासणीत सारे ठीक निघाले, तर तिला कोणी हसू नये, खर्चाबद्दल बोल लावू नये. एकदा हसू झालेली स्त्री दुसऱ्यांदा बोलणार नाही, आणि नेमका तोच प्रसंग खरा असू शकेल. दहा फेऱ्या व्यर्थ गेल्या तरी चालेल. अकरावी चुकता कामा नये. तिचा शब्द खरा मानून तत्काळ उठण्याची सवय या गावाने स्वतःस लावावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.