आपली विहीर आपणच दाखवू

आपल्या बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीतली. तिचं पाणी भुयारी कालव्याने शेतांना जाई. ऊसतोडीहून परतलेल्या लेकरांना हे दाखवणार कोण? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून जुन्या वस्तू घेऊन शाळांपर्यंत जाते. विहीर काही बसमध्ये मावत नाही! तिच्यापाशी लेकरांना आपणच न्यायचं, असं आम्ही गटात ठरवलं. पण नुसती माहिती पाठ असून भागत नाही. आधी लेकरांना नीट पाहू द्यावं, मग विचारावं, "पाणी कुठून येत असेल?" ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी. हे शिकावं लागतं. पाण्याची जाण आपल्याला आहेच. आता प्रशिक्षण मागू, आणि शिकल्यावर मानधनही. ही फुकटची हौस नव्हे, काम आहे.