आठव्या दिवसाचा ताप
(हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



लशीबद्दल बोला, असं मला सांगितलं आहे. मी पाड्यांवर लसीकरणाला जाणारी नर्स, तेव्हा तिथल्याच एका आजींपासून सुरुवात करते. त्यांची नात 9 महिन्यांची झाली तेव्हा मी तिला गोवर-रुबेलाची लस टोचली. आठव्या दिवशी पोरीला ताप आला, अंगावर थोडं पुरळ उठलं. पुढच्या फेरीला आजी म्हणाल्या, "बाई, गोवर घालवायला आलीस नि गोवरच देऊन गेलीस."

खरं सांगू? आजींचं अर्धं बरोबर होतं. या लशीत गोवराचा जिवंत विषाणूच असतो, पण प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केलेला. तो अंगात थोडा वाढतो. शरीर त्याला ओळखतं, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं बनवतं आणि काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवतात. खरा गोवर आला की तयारी आधीच झालेली असते. या सगळ्याला आठवडाभर लागतो, म्हणून ताप उशिरा येतो. इतर काही लशींचा ताप त्याच रात्री येतो. मी पोरीच्या आईला तेवढंच सांगून निघाले होते. चूक माझी.

मग 9 महिने थांबायचं कशाला? आईकडून पोटातच मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने टिकतात, आणि ती लशीतल्या विषाणूलाही मारतात. 9 महिन्यांनंतरसुद्धा 100 तल्या साधारण 15 बाळांना पहिला डोस लागू पडत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरा. कुपोषित बाळाला गोवर झाला तर न्यूमोनिया, जुलाब, कधी डोळेही जातात. पाड्यावर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आजी दुसऱ्या डोसाला नाहीच म्हणत होत्या. मी ओट्यावर बसून माझी चूक सांगितली, ताप का आला तेही सांगितलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "टोच. पण आठव्या दिवशी तू इथं पायजेस."

गेले. ताप नव्हता, पहिला डोस लागू पडला असेल तर दुसऱ्यांदा तो सहसा येत नाही. आजींनी कोरा चहा दिला.

आता गोवराच्या डोसानंतर आठव्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी त्या घरी जातंच. तुमच्या देणगीतलं पेट्रोल या फेरीवर खर्च होतं.