साठचे दशक आणि पडद्यावरील मायबोली



हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांची पूर्ती. चित्रपटाच्या इतिहासातही ‘साठ’ हा आकडा एका विलक्षण कालखंडाचे नाव होऊन बसला आहे. १९६० ते १९६९ या दहा वर्षांत पॅरिस, प्राग, डाकार, कोलकाता, कोल्हापूर अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी चित्रपटकारांनी कॅमेरा आपल्याच गल्लीकडे, आपल्याच माणसांकडे वळवला, आणि त्या माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू दिले. त्या प्रवाहात रायपूरचाही वाटा आहे. पुरानी बस्तीतील मराठी शाळेच्या महोत्सवात त्या दशकाची आठवण काढण्याचे प्रयोजन तेच.

त्यापूर्वीचा चित्रपट प्रामुख्याने स्टुडिओत घडत असे. रस्ता, नदी, चांदणे, सारे चार भिंतींच्या आत उभारले जाई. मग वजनाने हलके कॅमेरे आले, कमी प्रकाशातही चित्र टिपणारी फिल्म आली, आणि खर्चाचे गणित बदलले. १९६० साली प्रदर्शित झालेला ‘ब्रेथलेस’ ज्याँ-ल्युक गोदार यांनी पॅरिसच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित केला. कॅमेरा सरकवण्यासाठी रुळांची सोय नव्हती. छायाचित्रकार राऊल कुतार यांना चाकांच्या खुर्चीत बसवून ती ढकलण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेत आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’ हा भयपट दूरचित्रवाणीच्या सवयीच्या कर्मचाऱ्यांकडून, कृष्णधवल रंगात आणि मर्यादित खर्चात पूर्ण केला. एक बंडखोर तरुण, दुसरा मान्यता पावलेला ज्येष्ठ. तरी दोघांनाही साधनांच्या तुटवड्यातून नवी वाट दिसली.

या दशकात कथाही देशोदेशी हिंडल्या. अकिरा कुरोसावा यांच्यावर अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा प्रभाव होता. कुरोसावांनी १९६१ साली ‘योजिंबो’ काढला: एक भटका सामुराई दोन टोळ्यांच्या भांडणात सापडलेल्या गावात येतो. तीच कथा इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये घोडेस्वारांच्या वेशात मांडली, आणि तिच्यातील वाळवंट स्पेनमध्ये चित्रित झाले. उसनवारीची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि तडजोडीने मिटले. अमेरिकेचा प्रभाव जपानने पचवला आणि जपानचे कथानक इटलीने उचलले. तरीही ‘योजिंबो’ अस्सल जपानी राहिला आणि लिओने यांचा चित्रपट पुरता त्यांचाच झाला. दुसऱ्याचे घेताना आपले हरवलेच पाहिजे असे नाही, ही त्या प्रवासाची शिकवण.

लहान देशांनी तर या दशकात मोठ्यांना ऐकायला लावले. चेकोस्लोव्हाकियाच्या यिरी मेंझेल यांचा ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ (१९६६) एका आडगावच्या रेल्वे स्थानकावर घडतो. जर्मन अंमलाखालील ते दिवस, नोकरीत नवखा असलेला एक बावरलेला मुलगा, आणि विनोदाच्या पदराखाली दडलेले मरण. त्या चित्रपटास ऑस्कर मिळाले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या रस्त्यांवर परकीय रणगाडे आले आणि त्या पिढीचे अनेक चित्रपट वर्षानुवर्षे कपाटात बंद झाले. स्वतःची गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगणे काही वेळा किती महाग पडते, हेही साठच्या दशकाने दाखवले.

भाषेचा प्रश्न सर्वांत थेटपणे हाताळला तो सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी. मार्सेच्या गोदीत मजुरी केलेला हा लेखक फ्रेंच भाषेत कादंबऱ्या लिहून नावारूपाला आला होता. परंतु ज्यांच्याविषयी तो लिहीत होता, त्यांतील बहुतेकांना ती पुस्तके वाचता येत नव्हती. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मॉस्कोस जाऊन चित्रपटकला शिकून घेतली. १९६८ च्या ‘मंडाबी’मध्ये त्यांनी आपल्या पात्रांना वोलोफ भाषेत बोलते केले. कथा साधीच: डाकारमधील एका बेकार गृहस्थास पॅरिसमध्ये राबणाऱ्या पुतण्याची मनिऑर्डर येते, पण ओळख पटवणारा कागद नसल्याने ती त्याच्या हाती पडत नाही. या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या त्या माणसाला समजून घेण्यास वोलोफ यावी लागत नाही. कचेरीच्या खिडकीसमोर एकदा उभे राहिलेले असणे पुरते.

भारतातही ही जुळवाजुळव याच दशकात झाली. १९६० साली पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९६४ साली त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. त्याच वर्षी सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ आला आणि पुढील वर्षी बर्लिनमध्ये उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी गौरवला गेला. १९६५ हे साल तर आवर्जून लक्षात ठेवावे असे. केरळच्या कोळीवाड्यातील प्रेमकथा सांगणाऱ्या रामू करियात यांच्या ‘चेम्मीन’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांनी ‘साधी माणसं’मध्ये खेड्यातून शहरात आलेल्या लोहार जोडप्याची कथा मांडली, तिला ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी संगीत दिले. एक मल्याळम, एक मराठी. आणि त्याच वर्षी तिसरा चित्रपट छत्तीसगढीत.

तो चित्रपट म्हणजे मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’. रायपूर परिसरातील खेड्यातून मुंबईस गेलेले नायक तेथील चित्रपटव्यवसायात काम करीत होते. पहिल्या भोजपुरी चित्रपटाच्या, ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’च्या यशाने त्यांच्या मनात विचार आला: भोजपुरीस जे जमले ते छत्तीसगढीस का जमू नये? चित्रीकरणासाठी त्यांनी पलारी हे गाव निवडले. मलय चक्रवर्ती यांनी संगीत दिले, हनुमंत नायडू यांनी गीते रचली, आणि मोहम्मद रफी यांच्यासारख्या गायकाने छत्तीसगढी शब्द आपल्या गळ्यात घेतले. कथेचा गाभा होता सतनामी तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचे प्रेम. साहजिकच विरोध झाला, बंदीची मागणीही झाली. त्या वेळी माहिती व नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या इंदिरा गांधी यांनी चित्रपटाचा काही भाग पाहून अनुकूल मत दिले आणि वादळ शमले. ‘चेम्मीन’मध्ये धर्माची भिंत, येथे जातीची, समुद्रकाठ असो की पलारीचा तलावकाठ, १९६५ चा भारत एकच प्रश्न दोन भाषांत विचारीत होता.

यापुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. छत्तीसगढीतील दुसरा चित्रपट ‘घर द्वार’ १९७१ साली आला. त्यानंतर ही वाट जवळजवळ मोडली. ‘मोर छइहां भुइयां’ने ती पुन्हा रुळवली तोवर २००० साल उजाडले होते, म्हणजे मध्ये सुमारे तीन दशके गेली. बोलणारी माणसे या काळात कमी नव्हती. बाजारात, शेतात, देवळाच्या पायरीवर भाषा होतीच. पण तिच्यासाठी खिशातून पैसे काढून तिकीट घेणारा, तिच्यात उत्तम ते मागणारा रसिकवर्ग पुरेसा संघटित झाला नाही. एकटा कलावंत भाषेला एकदा पडद्यावर नेऊ शकतो. तिला तेथे टिकवण्याचे काम प्रेक्षकाचे असते.

रायपूरचेच सुपुत्र हबीब तनवीर यांचा अनुभव याला जोडून पाहावा. नाचाच्या मंडळींतील अस्सल ग्रामीण नट त्यांनी रंगभूमीवर आणले, परंतु सुरुवातीची वर्षे त्यांच्या तोंडी हिंदी संवाद दिले. नटांची धार बोथट का होते, याचे उत्तर त्यांना पुढे मिळाले: परक्या बोलीत त्यांचे अंग मोकळे होत नव्हते. १९७३ साली रायपुरात झालेल्या नाचा कार्यशाळेनंतर हे नट छत्तीसगढीत बोलू लागले, आणि १९७५ चे ‘चरणदास चोर’ देशाच्या सीमा ओलांडून गेले. नट तेच होते, दिग्दर्शकही तोच. फरक पडला तो भाषेने.

पुरानी बस्तीला ही गोष्ट नवी वाटू नये. महामायेच्या मंदिरापासून दूधाधारी मठापर्यंतच्या या वस्तीत मराठी घरांनी घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषा सहज वागवल्या. याच शहरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. मराठी पक्की होती म्हणूनच ते हिंदीला एवढे देऊ शकले. मुलाला मराठी शाळेत घातले तर ते जगात मागे पडेल काय, ही पालकांच्या मनातील शंका खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. मात्र साठच्या दशकाचा दाखला तिच्यासमोर ठेवावा. त्या काळी बंगाली, वोलोफ, चेक, मल्याळम बोलणाऱ्यांचे चित्रपट जगाने पाहिले ते त्यांनी दुसऱ्याची भाषा उत्तम बोलून दाखवली म्हणून नव्हे; आपल्या भाषेत त्यांना काही सांगायचे होते म्हणून.

शाळा चित्रपट काढीत नाही, नाटक मंडळीही चालवीत नाही. ती त्याहून आधीचे काम करते: वाचणारा, ऐकणारा, चांगले ते ओळखणारा माणूस घडवते. ‘कहि देबे संदेस’नंतरच्या शांततेत उणीव होती ती अशाच माणसांची. साठ वर्षे एखादी शाळा परराज्यात मराठी वाचक घडवीत राहते, तेव्हा पुढे कधीतरी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकाचा आणि काढल्या जाणाऱ्या चित्रपटाचा प्रेक्षक ती आधीच बसवून ठेवीत असते. माजी विद्यार्थ्यांनी आपली मुले, आपला वेळ आणि आपले तिकीट या भाषेसाठी राखून ठेवले, तर ही आसने रिकामी राहणार नाहीत.